निरोगी गटातली वार

हे मी कोणालाच सांगितलेले नाही. मार्गदर्शकांना नाही, घरी तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. पण आधी थोडे समजावून द्यावे लागेल. पीएच.डी.ला येण्यापूर्वी मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, ती सवय सुटत नाही.

पोटातल्या बाळाला पोसते ती वार. तिच्या प्रत्येक पेशीत जनुकांचे पुस्तक तेच. पण त्यातला कोणता धडा वाचायचा, कोणता गाळायचा, हे काही बारीक रासायनिक खुणा ठरवतात. त्या खुणा हा माझा विषय. तुलनेसाठी निरोगी बाळंतपणांतल्या वारांचे तुकडे हवे होते — आणि तो गट काही केल्या भरत नव्हता. आमच्याकडे वार परक्याच्या हाती देत नाहीत. मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून, घराच्या आडोशाला पुरतात.

संगमनेरच्या एका प्रसूतिगृहात मनीषा बाळंत झाली. तिच्या सासूबाई, ताराबाई, जवळच्याच अकोले तालुक्यातल्या, डोंगराकडच्या. “आमी पुरतो, तुमी फ्रीजात ठिवता. लोणचं घालता का काय, मॅडम?” त्या हसल्या, आणि छोटासा तुकडा द्यायला तयार झाल्या — एका अटीवर. “नीट बघून सांगा. वार धड हाय ना?”

मी नीट पाहिली. त्या लालभडक मांसात जागोजाग पांढरट, टणक चट्टे होते — रक्त न पोहोचून मेलेला भाग. एखादा चट्टा निरोगी वारेतही सापडतो. हे तसे नव्हते. बाळ किंचित लहान, पण रडत होते, दूध ओढत होते. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होत्या. त्यांना दाखवले असते, तर पुढच्या खेपेला पहिल्यापासून जपा, असे मनीषाला सांगितले गेले असते. आणि माझा नमुना निरोगी गटातून बाद झाला असता.

मला कळले नव्हते का? — कळले होते. पुरते कळले होते.

“अगदी धड आहे,” मी म्हणाले. मडक्याचे तोंड मीच फडक्याने बांधले. घट्ट. कोणी पुन्हा सोडून पाहू नये, इतके घट्ट.

माझे निष्कर्ष सुरेख आले. प्रबंध लिहून होत आला, तेव्हा ताराबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. कडेवर मूल धरावे तसे मडके धरलेले. मनीषाचे दुसरे बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेले होते. तपासणीला फारसे गेलेच नव्हते ते लोक. “तुमीच सांगितल्तं ना, वार धड हाय म्हनून. आमी निवांत ऱ्हायलो.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर?

“ही पुरली न्हाई. तुमच्यासाठी आनली. पयली तर धड हुती — मंग हिला काय झालं, तेवढं बघा.”

मी मडके घेतले. “बघते,” म्हणाले. फडके सोडले नाही. आत काय दिसणार, ते मला ठाऊक होते.

प्रबंध मंजूर झाला. मनीषाच्या पहिल्या वारेचा तुकडा अजून निरोगी गटातच आहे. ताराबाई अधूनमधून फोन करतात: “कळलं का काय, मॅडम?” काल पुन्हा केला. मनीषाला दिवस गेले आहेत, आता तरी सांगा, म्हणाल्या.

मी म्हणाले, अजून तपासते आहे.