भाजीने भरलेला प्रकल्प

निर्मलाताई गावंडे यांना मी प्रथम पाहिले ते अकोल्याच्या जुन्या शहरातील आमच्या शाळेच्या पटांगणात, भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधलेल्या. मी चित्रकला शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. विज्ञानाच्या मॅडम कुठे भेटतील, असे मी त्यांनाच विचारले. "भेटल्या," त्या म्हणाल्या, "आधी ही बादली धरा."

पुढे माझ्या पत्नीच्या आजारपणात त्यांनी दोन महिने माझे तास घेतले. चित्र काढता येत नसल्याने त्यांनी मुलांना झाडांची पाने आणायला लावून त्यांच्या शिरा काढून घेतल्या. ते तास मुलांना अजून आठवतात, याचे मला थोडे वाईटही वाटते.

त्यांच्या साठीनिमित्त मला सांगायचे आहे ते मात्र विटांच्या थंड कप्प्याच्या प्रकल्पाबद्दल. दुहेरी भिंती, मधे ओली वाळू, वर गवताचे झाकण. एवढ्यावर भाजी उन्हाळ्यातही ताजी राहते, हे नववीच्या पाच मुलींनी करून दाखवले. शाळेबाहेर बसणाऱ्या भाजीवाल्या बाया उरलेली मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, त्यात ठेवू लागल्या. मॅडमनीच त्यांना बोलावले होते.

प्रकल्प विज्ञान प्रदर्शनाच्या राज्य पातळीच्या निवडीपर्यंत पोहोचला. मार्गदर्शक म्हणून मॅडमना पुरस्कार मिळेल, असे आम्ही धरूनच चाललो होतो. एप्रिलच्या उन्हात अमरावतीहून समिती आली. कप्पा रिकामा करून, मोजकी भाजी ठेवून तो आठ दिवस सीलबंद राहावा, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा बांधावा, तर निवडीची मुदत संपत होती.

गटातल्या पल्लवीची आई बाहेर भाजी विकत असे. तीच आधी पुढे आली. "मॅडम, मी माहा माल काढून घेतो. पोरीले बक्षीस भेटू द्या."

"अन् मंग मेथी कुठी ठेवशीन? डोक्यावर?" पल्लवी म्हणाली.

"तू चूप बैस. आठच दिवस तं हायेत."

"बाकीच्या मावश्यायचं काय?"

मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितले की, आठ दिवसांनी काही बिघडणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग पाचही मुलींना बोलावून, बक्षीस हातचे जाऊ शकते हे स्पष्ट सांगून, निर्णय विचारला. चौघींनी लगेच 'सील नको' म्हटले. पल्लवीने वेळ घेतला. मग तिनेही मान हलवली. मॅडमनी समितीला विनंती केली, की भाजी भरलेलीच तपासा. समितीने नियम दाखवला आणि 'प्रात्यक्षिक अपूर्ण' असा शेरा लिहिला.

निकालाच्या दिवशी पल्लवी पायरीवर रडत बसली होती. मला वाटले, मॅडम तिला त्यागाबद्दल काही सांगतील. त्या तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "वाईट वाटतं ना? मलाही वाटतं. मलाही पाहिजे होतं ते." बाहेर बायांची विक्री चालू होती. त्या दिवसानंतर, आठ दिवसांनी काही बिघडत नाही, असे मी कोणाला सांगितलेले नाही.

निर्मलाताईंची प्रकृती अशीच धडधाकट राहो, पुढची अनेक वर्षे त्यांच्या मनाजोगत्या कामात जावोत. त्यांनी या गौरवाला नकार देऊ नये म्हणून आम्ही सर्वांनी मिळून विनवणी केली. ती त्यांनी मानली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.