इकबालचाचांवरचा सब्जा

दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "ताई, बघावं न लागणारं झाड कुठलं?" मला संताप येतो. बघायचंच नाही तर प्लास्टिकचं घ्या ना, वाकडच्या मॉलमध्ये ढिगानं मिळतं. पण धंदा आहे, म्हणून मी मेंदी पुढं करते. मेंदीची काडी पावसाळ्यात मातीत खोचायची, पहिलं वर्षभर पाणी द्यायचं, पुढं विसरलात तरी चालतं. मुरूम असो, कडक ऊन असो, ती माणसाच्या डोक्याइतकी वाढते आणि वर्षानुवर्षं जागची हलत नाही. सब्जाचे मात्र लाड फार. त्याला भुसभुशीत माती हवी, उन्हाळ्यात रोज पाणी हवं, मंजिऱ्या सारख्या खुडायला हव्यात, आणि एवढं करून स्वारी वर्षभरात वाळून जाणार. तसा कामाचा आहे. पानांना वास, बी फालुद्यात.

ही दोन्ही झाडं आमच्या भागात कबरीवरही लावतात. त्यातलं कुठलं लावावं, यावरून माझ्याच दुकानात एकदा वाद झाला होता.

मी भाग्यश्री. दापोडीत हायवेच्या कडेला माझी रोपांची नर्सरी आहे. नवरा चाकणला कंपनीत जातो, रोपं मी सांभाळते. नजमुन्निसा, म्हणजे आमची नजमाचाची, माझ्या शेजारची. तिचे मालक इकबालचाचा स्टेशनबाहेर फालुद्याची गाडी लावायचे. पिंपरीतली त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा गल्लीतले बाकीचे लोक युनियनच्या चकरा मारत बसले, आणि या माणसानं दुसऱ्याच आठवड्यात सब्जा भिजत घातला. पुढं वीस वर्षं रोज सकाळी तेच. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या पोरांना ते फुकट फालुदा पाजायचे आणि वर "हळू प्या, पळून नाय जात," म्हणून दमही द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी ते गाडीवरच छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

चाचीच्या घराण्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. नवऱ्याला कुठं ठेवलं ते तिनं पाहिलेलं नव्हतं. शिवाय तिथं जागा कमी, म्हणून पक्कं बांधकाम करायला परवानगी नाही. नुसती मातीची कबर, नाव नाही, फरशी नाही. पाच-सहा वर्षांनी त्याच जागी दुसऱ्याला ठेवतात. तेवढी वर्षं तरी आपलं माणूस कुठं आहे ते लांबून दिसावं, इतकंच तिला हवं होतं. चाळिसावा दिवस झाल्यावर ती माझ्याकडं रोप घ्यायला आली, तेव्हा कबरी खोदणारा मुबीनही दुकानात होता. तो उदगीरकडचा. कब्रस्तानाच्या कडेला एका खोलीत राहतो.

"भाभी, मेंदी लावा," मुबीन म्हणाला. "एकदा लागली की बघायचं काम नाही. बाहेर गल्लीतल्या जाळीपासून दिसती. सब्जाला कोण पाणी घालत बसल?"

"मेंदी?" चाचीनं आपले हात पुढं केले. "हे बघ. या हातांवर आता मेंदी चढायची नाय. लग्नाचं झाड मी त्यांच्या छातीवर लावू? सब्जा दे गं, बेटी. ते त्यांचं झाड आहे."

मला मुबीनचं पटत होतं. पण चाचीचे ते हात बघून मी सब्जाचंच रोप तिला दिलं.

कब्रस्तानाच्या मागच्या गल्लीला लोखंडी जाळी आहे. दर शुक्रवारी दुपारी चाची तिथं उभी राहायची. जाळीच्या फटीतून पाण्याची बाटली आत द्यायची आणि मुबीन ती कबरीवर ओतायचा. एरवीचं पाणी तोच घालायचा, कुरकुरत. रोप धरलं, झुपका झाला. आजूबाजूला नुसती पिवळी माती, त्यात तो एकच हिरवा ठिपका. चाची मला बोटानं दाखवायची, "ते बघ, तिथं आहेत." ते म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला माझ्या नवऱ्याशी भांडायचीही लाज वाटायची.

वर्ष सरत आलं तसा सब्जा मंजिऱ्यांनी भरला. मी म्हटलं, "चाची, मुबीनला खुडायला सांगा, नाहीतर बी पडेल."

"पडू दे," ती म्हणाली. "जिंदगीभर दुसऱ्यांच्या ग्लासात टाकलं. आता थोडं त्यांच्याही अंगावर पडू दे."

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. सब्जाचं बी पडलं तिथंच राहत नाही, हे मला माहीत आहे. रोपं विकते मी, मला नाही तर कुणाला माहीत असणार? एका झाडाला हजारांनी बी. पाणी लागलं की फुगतं, चिकट होतं, चपलेच्या तळव्याला बसतं आणि माणूस जाईल तिकडं जातं. पण मी हसून म्हटलं, "चला, पुढच्या वर्षी रोप विकत घ्यायला नको." ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फेब्रुवारीत चाची बसमधून उतरताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिची मुलगी सादिका तिला ऑपरेशननंतर वाकडला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. बाराव्या मजल्यावर. जाताना चाचीनं मला एवढंच सांगितलं, "शुक्रवार तेवढा बघ."

मी पाच शुक्रवार गेले. मग लग्नसराई आली, सोसायट्यांच्या ऑर्डरी आल्या आणि मी गेलेच नाही. मुबीनही त्या उन्हाळ्यात गावी गेला, बाप आजारी होता म्हणून. झुपका वाळला. बदली आलेल्या माणसानं वाळकी काडी उपटून टाकली. नव्या कबरी झाल्या, मातीचे उंचवटे सपाट झाले. दर शुक्रवारी चाचीचा फोन यायचा आणि मी सांगायचे, "आहे, आहे, छान आहे."

ऑगस्टमध्ये ती आली. सादिकानं टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबवली. हातात वॉकर घेऊन एकेक पाऊल टाकत चाची जाळीपाशी पोचली. मी मागून गेले. मुबीन गावाहून परतला होता, तोही आतून पुढं आला.

आत सगळा सब्जा होता. एका कबरीवर नाही, तीन ओळींत, मधल्या पायवाटेवर, कालच्या नव्या कबरीच्या कडेनंसुद्धा. गुडघाभर, गच्च, सगळा सारखा. वारा आला की वास जाळीबाहेर येत होता, इकबालचाचांच्या गाडीवरच्यासारखा.

चाची आधी हसली. "किती झालाय!" मग तिचे डोळे इकडून तिकडं फिरायला लागले. "बेटी, यात ते कुठं आहेत?"

मी मुबीनकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. मी घाईघाईनं एका झुपक्याकडं बोट केलं. "ते काय, तिकडं."

"मुबीन, तू सांग."

मुबीननं तोंडावरून हात फिरवला. "भाभी, खोटं कसं बोलू? मी नव्हतो. माती सरकवलीय त्या बदलीवाल्यानं. चाचा या तीन ओळींतच हायेत, एवढं खरं. कबर कुठली ते मलाबी कळंना."

"अम्मी, दुआ कुठूनही पोचते," सादिका म्हणाली.

"दुआ पोचते, गं," चाची म्हणाली. "पण मी कुणाकडं बघू?"

ती बराच वेळ जाळीला धरून उभी होती, आणि पाण्याची बाटली तिच्या पिशवीतच राहिली.

मी दुकानात परतले होते; वाकडला जाताना तिनं टॅक्सी दुकानाशी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाली, "भाग्यश्री, मुबीन म्हणत होता ती मेंदी दे. आता लावू." मी चांगलं धरलेलं रोप काढलं आणि मुबीनकडं घेऊन गेले. त्यानं हात मागं घेतले. "ताई, कुणाच्या कबरीवर लावू? दुसऱ्याचं माणूस असलं तर?"

रोप परत आणलं. फोनवर चाचीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर शुक्रवारचा तिचा फोन येत नाही. मी केला तर सादिका उचलते, "अम्मी झोपलीय," सांगते.

ते रोप दुकानाच्या मागं ठेवलंय. मी त्याला पाणी घालत नाही, तरी ते मरत नाही. परवा उचलायला गेले तर हलेना. रोपाची पिशवी फाडून मुळं माझ्या दुकानाच्या जमिनीत गेली होती.