फ्रिजकडे तोंड करून उतू घातलेलं दूध

लेक जर्मनीला गेली आणि तिथल्या भाड्याच्या घरात आठवडाभर ब्रेडवर राहिली. सामानाची कमतरता नव्हती. कुकर, तवा, पोळपाट, लहरीपुऱ्याच्या बाजारातून घेतलेली स्टीलची पातेली, सगळं मी स्वतः बॅगेत बसवलं होतं. पातेल्यात डाळ, डाळीत चमचे. तरी पोरगी गार ब्रेड चावत होती, कारण आजीनं फोनवर बजावलं होतं की नव्या घरात आधी दूध उतू घालायचं, तेही रविवारी सकाळी, पूर्वेकडे तोंड करून. तोवर शेगडीवर दुसरं काही चढवायचं नाही.

मला शकुनाशी देणंघेणं नव्हतं. तिच्या पोटात गरम वरणभात पडायला हवा होता, बस. पण आजी-नातीच्या करारात आईला मत नसतं. त्यात आमचं घराणं जुन्या संस्थानी फौजेतलं. तलवारी केव्हाच गेल्या, हुकूम सोडायची सवय मात्र सासूबाईंनी टिकवून ठेवली आहे.

रविवारी दुपारी, बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून सासूबाई आणि मी बसलो. तिकडे सकाळ होती.

"पूर्वेकडे तोंड कर, बेटा."

"आजी, पूर्वेला फ्रिज आहे."

"मग फ्रिजकडे बघ. दुधाकडे मी बघते."

इंडक्शनवर दूध तापायला लागलं. कडेनं बुडबुडे आले, साय थरथरली, दूध भराभर वर चढलं आणि मला कळायच्या आत मी ओरडले, "अगं, दूध! दूध! बंद कर!"

तिनं बंद केलं. काठापर्यंत आलेलं दूध शहाण्यासारखं खाली बसलं.

तिचा काय दोष? तिचा हात ओट्याला पोचायला लागला तेव्हापासून मी तिला हे एकच नेटानं शिकवलं होतं. अभ्यासाचं सांगितलेलं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायची, दुधाचं ऐकायची.

सासूबाईंनी मान वळवली. "सूनबाई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"सवय हो, आई."

त्यांनी डब्यातून एक कुरकुरीत खाखरा काढून माझ्या हातात दिला. "हा खा. तोंड रिकामं ठेवू नकोस."

दुसऱ्यांदा दूध चढलं. मी खाखरा दातात गच्च धरला. टेबलाखाली माझे पाय आपोआप नाचत होते. लेकीनं बटणापासून हात लांब ठेवले होते, एकदम शिस्तीत. दूध काठाला आलं आणि तिनं वाकून जोरात फुंकर मारली.

"फुंकतेस काय!" सासूबाई कडाडल्या.

"आजी, आपोआप झालं!"

मी हसले आणि खाखऱ्याचा भुगा फोनवर उडाला. लेकीला आम्ही दिसेनाशा झालो म्हणून ती हसत सुटली. सासूबाईंनी भुगा पुसता पुसता फोनच पाडला. मला वाटतं त्याही हसत होत्या, पण तोंड भिंतीकडे होतं.

"आता हात मागे," त्या म्हणाल्या. "ओठ मिट. आणि तू डोळे मिट, सूनबाई."

मी मिटले. फोनमधून आधी सूं असा आवाज आला, मग फस्स, मग टीं टीं टीं. मी डोळे उघडले. दूध पातेल्याभोवती तळं करून बसलं होतं आणि शेगडी आपली आपणच बंद पडली होती.

मी गारच झाले. म्हणजे पुन्हा ब्रेड?

"फडकं घे, ओलं नको, कोरडं," मी ओरडले. "बटणांवरचं आधी पूस. काच गरम आहे, हात जप."

तिनं पुसलं. बटण दाबलं. दिवा लागला.

"आजी, शकुन धरायचा ना? की शेगडी बंद पडली म्हणून पुन्हा?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "सांडलं ना? चालशे, चालेल. कुकर लाव."

कुकरची शिट्टी झाली तसा आम्ही इकडे बडोद्यात टाळ्यांचा धडाका लावला. वाफ जिरायची वाट न बघता ती झाकण ओढायला लागली. मी रागावले, तेव्हा थांबली. मग वरण आणि भात भांड्यातच कालवून ओट्याशी उभी राहून खायला लागली. जीभ भाजली, तरी फू फू करत घास घेत होती.

"ताटात घे गं, बेटा," सासूबाई म्हणाल्या.

"खाऊ द्या हो," मी म्हटलं.