ओला गठ्ठा परत पाठवणाऱ्या सुलभा सिस्टर

आमच्या सुलभा सिस्टर साठ वर्षांच्या झाल्या! त्यांच्यावर पुस्तक निघून राहिलं म्हटल्यावर मी गप्प बसते होय?

त्यांची माझी ओळख भांडणानं झाली. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात माझं शिवणाचं दुकान. सिस्टरांच्या दवाखान्यात ऑपरेशनची अवजारं ज्या दुपदरी कापडात बांधून वाफेच्या मशीनमध्ये टाकतात, ती कापडं मी शिवायची. एकदा फाटलेली आली. मी असं रफू केलं की भोक शोधून दाखवावं! तर सिस्टर स्वतः दुकानात आल्या. कापड दिव्यासमोर धरलं.

"काकू, काम सुरेख आहे. पण चालणार नाही."

"काहून?"

"सुई जिथं जिथं टोचली, तिथून जंतू आत जातील."

"जंतूले काय माझ्या दुकानाचा पत्ता माहीत आहे?"

सिस्टर पोट धरून हसल्या. कापड काही घेतलं नाही.

त्या सगळ्यांना एकच सांगत. अवजारं बांधून वाफवलेला गठ्ठा नुसत्या दिवसांनी बिघडत नाही. ओला झाला, फाटला, खाली पडला, की संपला. नव्या पोरी कपाटात गठ्ठे कोंबत, तेव्हा त्या ओरडत नसत. स्वतः वाकून एकेक मोकळा लावून दाखवत.

मग माझ्या नातसुनेचं सिझर ठरलं. तिला आत घेणार, तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. कुण्या शहाण्यानं कूलरचं तोंड कपाटाकडे केलं होतं. गठ्ठे दमट! त्यांनी आख्खं कपाट रिकामं केलं होतं.

गठ्ठ्यांवर कधीपर्यंत चालतील ती तारीख लिहिलेली असते. हिंदीतच वाढलेला माझा नातू म्हणाला, "दीदी, डेट तो बाकी है न?"

"तारीख बाकी आहे, भैया. पण गठ्ठा ओला आहे."

मी भडकले. "आमची पोट्टी भीतीनं अर्धी झाली, आन् तुम्ही कपडे सुकवून राहिल्या?"

"हव काकू, सुकवूनच राहिले. बाळ ठीक आहे, डॉक्टरांनी आत्ताच पाहिलं. माझ्याशी मग भांडा."

नवे गठ्ठे मशीनमधून निघाले, तर ते थंड होईस्तोवर पुन्हा थांबा! गरम गठ्ठ्याला घाम सुटतो म्हणे. तेवढ्या वेळात सिस्टरांनी मला हात धुवायला लावून नातसुनेपाशी बसवलं. तिचे हात गार पडले होते. माझेही.

पोट्टी झाली! ठणठणीत, आवाज माझ्यासारखा. आईचा एक टाका पिकला नाही.

बारशाला आत्या कोण? नातवाला बहीण नाही. मी सिस्टरांना बोलावलं. त्यांनी पोट्टीच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे साऱ्या बायांचे धपाटे पाठीवर घेतले. माझा जरा जोरात बसला. भांडण बाकी होतं ना!

आता नातसुनेला पुन्हा दिवस आहेत. सिस्टर निवृत्त झाल्या ऐकून ती धसकली. सिस्टर तिला म्हणाल्या, "घाबरू नको. मी शिकवलेल्या पोरी माझ्याहून खडूस आहेत." मी जाऊन पाहून आले. एका पोरीनं मला कपाटाजवळ फिरकूही दिलं नाही. जीव थंड झाला!

तर सिस्टर, खूप जगा. वेळेवर जेवा, गुडघ्यांना तेल लावा, कुणाचं ऐकू नका. आणि पाठ तेवढी मजबूत ठेवा. येत्या बारशाच्या आत्याही तुम्हीच आहात.