तीन बंदुकीवाली

ती गाडी किक मारताना उलटा दणका देते, हे अख्ख्या बोरीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आश्रुबा मिस्त्रीला. आणि नेमका त्या दिवशी तो गप्प बसला.

बोरीच्या एसटी स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. पोटापाण्यासाठी राजदूत, लुना, विहिरीवरची इंजिनं, येईल ते तो दुरुस्त करायचा. जीव मात्र जुन्या विलायती मोटरसायकलींत अडकलेला. मानवतला कुणाच्या गोठ्यात मॅचलेस पडलीय, पालमकडं कुणाच्या खळ्यावर नॉर्टनचा सांगाडा हाय, असं कानावर आलं की गडी निघालाच. घ्यायला न्हाई हो, नुसता बघायला! इंजिनावरचा गंज घासून नंबर वाचायचा आणि खुशीत परत यायचा. बायको कडूबाई म्हणायची, "लोकं देवाला जात्यात, आमचं हे भंगाराला जातंय."

त्यातली त्याची लाडकी होती गावच्या बड्या जमीनदाराची, आबासाहेबांची बीएसए. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं हैदराबादेत लिलावात काढलेली. टाकीवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचं चित्र, म्हणून गावानं नाव ठेवलं तीन बंदुकीवाली. वीस वर्षं ती गोठ्यात पडून होती, हँडलवर कोंबड्या बसायच्या. पंच्याऐंशीच्या पाडव्याला आबासाहेबांच्या ओसरीवर सालगड्यांची सालं ठरत होती. तिथं आश्रुबानं गाडीचा विषय काढला, तेव्हा म्हातारा हसून म्हणाला, "चालू करून दाखव, गाडी तुझी." बाकीचेही हसले. हसू द्या! पाडव्याला चारचौघांत दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सालगड्याचं अख्खं वर्ष त्या शब्दावर जातं, त्याला कुणी कागद मागत नाही.

नऊ वर्षं लागली. ठिणगी देणारा मॅग्नेटो तारेनं पुन्हा गुंडाळून आणायला तीन वेळा हैदराबाद. कार्बोरेटरसाठी तिथल्याच जुमेरात बाजारातल्या भंगाराचे ढीग उपसले. पिस्टन तर नांदेडच्या एका लेथवाल्याच्या हातापाया पडून बनवून घेतला. टाकीवरच्या बंदुका त्यानं स्वतः बारीक कुंचल्यानं रंगवल्या. कडूबाई तिला सवत म्हणायची, आणि ते काही सगळंच थट्टेनं नव्हतं.

गाडी सुरू झाली ती चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत. म्हणजे वेळ बघा कशी! महिन्यापूर्वी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं आणि गावात माणसं एकमेकांशी मोजून-मापून बोलायला लागली होती. अठ्ठ्याहत्तर साली याच नावापायी मराठवाड्यात बौद्धांची घरं जळाली, तेव्हा आश्रुबानं बायकोला घेऊन तीन दिवस ज्वारीच्या रानात काढले होते. ते तो विसरला नव्हता. आबासाहेब दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा दत्तराव नामांतराच्या विरोधातल्या मोर्चात पुढं असायचा. आणि गाडी नावावर करायच्या कागदावर आता त्याचीच सही लागणार होती.

"नगा जाऊ," कडूबाई म्हणाली. "गाडी हाय ना शेडात? ऱ्हाऊ द्या तशीच."

"नाव न्हाई तवर ती चोरीचीच," आश्रुबा म्हणाला. कागद खिशात घातला आणि गाडी ढकलत चावडीपुढं नेली.

वीसेक माणसं जमली. दत्तराव पारावर बसला होता, उठला नाही. "आबांनी पाडव्याला शब्द दिल्ता, दत्तराव," आश्रुबा म्हणाला. आबासाहेब होते तोवर त्या घरातल्यांना 'मालक' म्हणायची रीत होती. आज त्यानं नाव घेतलं, आणि ते सगळ्यांच्या ध्यानात आलं.

त्यानं गाडी सुरू केली. पहिल्याच किकेला! धडधड अशी भुईतून निघाल्यासारखी. क्षणभर सगळे वैर विसरले, म्हाताऱ्या सितारामनं तर टाळी वाजवली. आश्रुबानं गाडी बंद केली आणि कागद पुढं धरला.

"चालू झाली तर झाली," दत्तराव खाली उतरत म्हणाला. "दहा वर्षं बुलेट चालवायलोय मी. माझ्या बापाची गाडी हाय. माझ्या किकेला चालू झाली, तर माझ्या दारात जाईल. सरक."

आता हे नीट ऐका. त्या गाडीच्या हँडलला डाव्या बाजूला बोटाएवढी लिव्हर असते. ठिणगी लवकर पडायची की उशिरा, हे ती ठरवते. किक मारण्याआधी ती मागं घ्यावी लागते. बुलेटवाल्याला याची गरजच पडत नाही. आणि लिव्हर पुढंच राहिली, तर इंजिन उलटं फिरतं आणि किकचा दांडा पायाला खालून हाणतो.

लिव्हर पुढं होती. मघा गाडी चालू झाल्यावर आश्रुबानंच ती पुढं सारली होती, आणि आता त्याला ती दिसत होती. दत्तरावानं चप्पल घट्ट केली, धोतर खोचलं, पाय वर घेतला. एवढा वेळ पुष्कळ होता. 'थांबा' एवढं दोन अक्षरांचं काम, पण ते त्यानं केलं नाही. नऊ वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून चालली होती.

काड्कन आवाज झाला. दत्तराव गुरासारखा ओरडला आणि धुळीत पडला.

"मुद्दाम केलं यानं!" गर्दीतून दत्तरावाचा साथीदार मुंजाजी ओरडला. दोघातिघांनी दगड उचलले. पळालो तर मेलो, आणि थांबलो तरी मेलो, एवढंच आश्रुबाला कळत होतं.

"दगडं काय हानायलाव, रांडेच्यांनो!" दत्तराव खालून किंचाळला. "आधी दवाखाना बघा!" पण गावातली जीप आणि दत्तरावाची बुलेट, दोन्ही लग्नाला गेल्या होत्या आणि एसटीला दोन तास होते. मग आश्रुबाच पुढं झाला. पायाला दोन फळ्या लावून उपरण्यानं आवळलं, लिव्हर मागं घेतली, किक मारली. दत्तरावाला मागं बसवलं, पाय धरायला त्याच्या मागं मुंजाजी. दत्तरावानं दोन्ही हातांनी आश्रुबाची कंबर गच्च धरली होती, आणि सारं गाव बघत राहिलं.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं. मुंजाजी चहाला गेला. दत्तराव डोळे मिटून म्हणाला, "तू होतास म्हणून आलो बाबा. आण तुझा कागद."

आश्रुबानं कागद काढला. पण हात पुढं होईना. सही घे ना येड्या! कुणीही घेतली असती. "सहीच्या आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "लिव्हर पुढं होती. मला दिसली होती. मी बोललो न्हाई."

दत्तरावानं डोळे उघडले. "मग आता कशाला बोलायलास? सही झाल्यावर बोलायचं."

"सही झाल्यावर गाडी माझी झाली असती. मग रोज किक मारताना तुमचं हाड वाजलं असतं."

दत्तरावानं कागद घेतला, घडी केली आणि उशीखाली सारला. "गाडी माझ्या गोठ्यात लाव," तो थंडपणे म्हणाला.

आश्रुबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो दारापर्यंत गेला आणि तिथून माघारी फिरला. गाडी जाणार ती जाणार, पण ती हाल होऊन मरावी हे त्याला सोसवेना. तो खाटेजवळ स्टूल ओढून बसला. "मग ऐकून तरी घ्या. थंडीत आधी कार्बोरेटरची घुंडी दाबायची, पेट्रोल बोटाला लागलं की सोडायची. उन्हाळ्यात दाबायचीच न्हाई. लिव्हर मागं. मग दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी धरून पिस्टन वर आणायचा, ते पायालाच कळतं, हळूच अडतं. दर दोनशे मैलांनी पुढच्या फोर्काला ग्रीस. चौथ्या गिअरात घाई केली की तिला खोकला येतो, तवा रागवायचं न्हाई..." तो बोलत राहिला. टाकीखालच्या एका बोल्टाला उलटे आटे आहेत, तेसुद्धा सांगितलं. मुंजाजीचा चहा होऊन तो दारात येऊन उभा राहिला, तरी हा चालूच.

"बास, बास!" दत्तराव शेवटी ओरडला. "माझ्या बायकोचं बी इतकं मला ठाव न्हाई!" त्यानं उशीखाली हात घालून कागद काढला आणि मुंजाजीकडं पेन मागितला. पडल्या-पडल्या सही तिरकी झाली, पण झाली.