राजूर घाट आणि मागची दोन बाकं

मित्रहो, भाजीपाला भरला की आमची जुनी पिकअप राजूर घाट चढेनाशी झाली होती. मुलगा म्हणे, "विकून टाका." माझं मन होईना, म्हणून आज सकाळी मिस्त्रीकडे नेली.

सलीम मिस्त्रीनं एअर फिल्टर बदलला आणि मागं पाहिलं. "काका, हे दोन लोखंडी बाकं काऊन वागवता? काढा. इंजिनले फुकटात दम भेटते."

त्या बाकांवर माझे तीन शाळासोबती बसायचे. तिघंही आता नाहीत. तरी "काढ बाबा" म्हणालो.

दुपारी गाडी भरल्या मालानं घाट सहज चढली. विकायची गरज उरली नाही.

सवयीनं मी शाळेतल्या कवितेची पहिली ओळ मोठ्यानं म्हटली. दुसरी ते तिघं मागून म्हणायचे. ते गेल्यावर रिकामी बाकं निदान खडखडायची. आज मागून काहीच आलं नाही.

तुमची दुसरी ओळ म्हणणारं कोणी आहे का अजून?