शेपटाला चालणारी

लॉन्ड्रीतल्या बायका तिला भिंगरी म्हणायच्या. वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असली तरी तिचा एक पाय हलतच असायचा. कॉलर दाबली, बाही उलटली, की नजर खिडकीकडे, खिडकीवरून फोनकडे. चाळिशी उलटली होती. लग्नाचं आधी जमलं नाही आणि पुढे जमवायला सवड झाली नाही, कारण घरी आई होती आणि आईच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जायला लागलं होतं.

शेवटी धाकट्या भावानं खडसावलं, "ताई, दर रविवारी मी येऊन बसतो. तू बाहेर पड. नाहीतर घरात दोन पेशंट होतील."

म्हणून तिनं डोंगरवाटांवर जाणाऱ्या एका गटात नाव घातलं. पाऊस सरला होता, थंडी अजून उंबरठ्याबाहेर होती. जंगलात पिवळी पानं गळत होती, धबधब्यांचं पाणी आटलं नव्हतं. लोक बघत, टेकत, गप्पा हाणत चालायचे. ही मात्र मागे कुणी लागल्यासारखी झपाझप पुढे. माथ्यावर पोचायचं, फोन हवेत धरून रेंज शोधायची, "आई बरी आहे ना?" विचारायचं आणि तसंच परत फिरायचं. कुठला धबधबा पाहिला, हे घरी आल्यावर तिला धड सांगताही यायचं नाही.

गटाचा म्होरक्या एक चष्मेवाला होता, मितभाषी माणूस. एका रविवारी त्यानं तिला वाटेच्या तोंडाशीच अडवलं.

"आज तू शेपटाला. तुझ्यामागे कुणी राहता कामा नये."

"मला हळू चालता येत नाही हो."

"येईल. मागच्या वेळी तुला शोधण्यात आमचा निम्मा दिवस गेला."

ती मागे राहिली. तिच्या पुढ्यात होते बेकरीवाले काका, गटात नवेच. बेकरी मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले, अंगानं ऐसपैस. दर वळणावर थांबून धापा टाकायचे. गट झाडांआड दिसेनासा झाला, आवाजही विरले. फोनवर रेंज नव्हती. आईनं गॅस चालू केला असेल तर? दार उघडून बाहेर पडली असेल तर? तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

धबधब्याच्या खाली ओढा ओलांडायला एक ओंडका टाकलेला होता. काकांनी त्याच्यावर पाय ठेवला, मागे घेतला आणि दगडावर बसकण मारली.

"माझ्यानं नाही व्हायचं. तू जा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग यायचंच कशाला इथवर?"

काकांनी रुमालानं मान पुसली. "चाळीस वर्षं पहाटे भट्टी पेटवली. आता पहाटे जाग येते आणि करायला काही नसतं. सुनेच्या स्वयंपाकघरात उगाच डबे सरकवत बसतो. ती बोलत नाही, पण कळतं ना."

तिला आपलंच बोलणं लागलं. ती त्यांच्याशेजारी बसली. पाय हलत होता, तो तिनं दोन्ही हातांनी दाबून धरला. मग म्हणाली, "काका, चालत नका जाऊ. घोड्यावर बसल्यासारखे बसा आणि सरकत चला. मी मागेच आहे."

काका सरकले. मध्यावर पँट टर्रकन फाटली.

"फाटली वाटतं!"

"फाटू दे. खाली बघू नका."

"खाली नाही बघत, पण मागे तू बघू नकोस!"

दोघंही इतकी हसली की पैलतीराला पोचल्यावर आधी दम खावा लागला.

माथ्यावर रेंज आली. तिनं लगेच भावाला फोन लावला.

"आई?"

"जेवली, आता पडलीय," भाऊ म्हणाला.

"माझी आठवण काढली?"

"अगं, आज ती मलाच तू समजतेय. सकाळपासून विचारतेय, चिमे, केस का गं कापलेस? शेवटी म्हटलं, उकडत होतं आई. तर म्हणाली, बरं केलंस, आता जरा बस माझ्यापाशी."

"मग?"

"मग बसलो. हात धरून ठेवला होता तिनं, झोप लागेपर्यंत."

तिला हसू आलं. कधी नव्हे ते आई "बस" म्हणाली, ती भावाला. असंच धावत खाली सुटावं, पहिली गाडी पकडावी, असं तिला झालं. पण काका कमरेला जॅकेट गुंडाळून एकेक पायरी चाचपत उतरत होते आणि त्यांच्यामागे दुसरं कुणी नव्हतं. ओठ चावत, पावलं आवरत ती उतरली.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. चिखलाचे बूट न काढताच ती आईच्या खाटेवर टेकली. आईनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि दाराशी उभ्या भावाला विचारलं, "चिमे, या बाई कोण गं?"

तिनंच सांगितलं, "मी चिमीची मैत्रीण. बसू का थोडा वेळ?"

"बसा की," आई म्हणाली आणि भिंतीकडे सरकून तिला जागा करून दिली.